आठ पाउंडांचा फरक

दुकान बंद करायच्या आदल्या आठवड्यात गावच्या नाताळ अंकाचे संपादक स्कूटरचं पंक्चर काढायला आले आणि जाताना लेख मागून गेले. छत्तीस वर्षं टायरचं दुकान चालवलंत, काका, काही गमतीजमती लिहा, सणाच्या दिवसांत लोकांना हसायला बरं, असं म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. मला या अंकात काहीतरी लिहायचंच होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं, एवढं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. तरी त्यांचा मान राखायला गमतीपासून सुरुवात करतो.

माझं दुकान गासच्या रस्त्याला. एका बाजूला केळीची वाडी, मागे बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं. सुरुवातीला पंक्चर शोधायच्या टबात मी त्या बावखलातलंच पाणी आणून ओतायचो. हा धंदा खरं तर आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांचा नाही. आमच्यातली मुलं शिक्षक झाली, बँकेत लागली, नाहीतर वाडी सांभाळत राहिली. टायरचं काम इकडे बहुतेक केरळातून आलेल्या माणसांच्या हातात. मी दहावीला गणितात दोनदा आपटलो, तेव्हा वडिलांनी मला सायकलवर डबलसीट घेतलं आणि स्टेशनपाशी कुट्टी उस्तादांच्या टपरीवर नेऊन सोडलं. गणितात नापास झालेल्याला जन्मभर आकडेच वाचायला लागले, यावर आमच्या घरात पुष्कळ वर्षं विनोद चालले.

उस्ताद कमी बोलायचे. टायर आधी तळहाताने बघायचा, मग डोळ्याने, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. तळहात फिरवला की कुठे उंचवटा आहे, कुठे खिळ्याचं डोकं आहे, रबर कडक झालंय का, सगळं कळतं. ते गावी परत गेले तेव्हा त्यांनी मला त्यांचं हवा मोजायचं पितळी गेज दिलं. पेनाएवढी नळी. चाकाच्या व्हॉल्व्हवर दाबली की आतून आकडे कोरलेली पट्टी सरकन बाहेर येते, आणि ती थांबेल तेवढे पाउंड आत हवा आहे असं समजायचं.

पुढे काही वर्षांनी ते माझ्या हातून सिमेंटवर पडलं आणि आतली स्प्रिंग नरमली. गेज जास्त दाखवायला लागलं. आधी दोन पाउंड, मग पाच, शेवटी आठावर येऊन टिकलं. महिन्यातून एकदा मी ते पेट्रोलपंपावरच्या मशीनशी ताडून बघायचो, फरक बरोबर आठ निघायचा. कुणीही शहाणा माणूस नवं गेज घेईल. मी वजाबाकी शिकलो. पट्टीवर एक्केचाळीस दिसले की ते तेहेतीस. माझी नजर एक्केचाळीसवर पडायची आणि डोकं तेहेतीसच वाचायचं. उस्तादांची वस्तू टाकवत नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, आपल्याला अशी वजाबाकी जमते याचा मला थोडा गर्वही होता. हे कुणाला सांगायची गरज कधी पडली नाही, कारण ते गेज माझ्याशिवाय कुणाच्या हातात जातच नव्हतं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. पाचूबंदरच्या एक हिराबाय होत्या, स्कूटरवर मासळीची टोपली घेऊन फिरायच्या. टोपलीतलं खारं पाणी मागच्या चाकावर गळायचं, रिम गंजायची, आणि गंजलेल्या रिममधून हवा निसटायची. दर पंधरा दिवसांनी यायच्या. मी एकदा त्यांना पाणी गळणार नाही असा डबा घ्या म्हणून बरंच समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पानी गळनारच रे. मी मासे इकते, तू हवा भर." त्यानंतर मी त्यांना काही शिकवायच्या भानगडीत पडलो नाही.

दुसरे एक निवृत्त हेडमास्तर. हे कायम सकाळी साडेसातला हजर. दुपारी कधी हवा भरली नाही. सकाळची हवा शुद्ध असते, टायरला मानवते, असं त्यांचं म्हणणं. मी पाठीमागे खूप हसायचो. पण उलट्या बाजूने का होईना, मास्तर बरोबर होते. हवा नेहमी टायर थंड असतानाच मोजायची असते. गाडी पळाली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि आकडा तीन-चार पाउंडांनी चढतो. तापल्यावर मोजून हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर उपाशी राहतो. मास्तर वारले तेव्हा त्यांच्या मुलाने स्कूटर विकायच्या आधी माझ्याकडे आणली. दोन्ही टायर सात वर्षांचे होते आणि एकसारखे झिजले होते. अशी झीज मी पुन्हा पाहिली नाही.

तिसरा एक नालासोपाऱ्याचा हौशी. त्याने कुठूनतरी शर्यतीचे टायर आणले आणि रस्त्यावरच्या गाडीला बसवून घेतले. मी नको म्हटलं तर माझ्याकडे असा बघायला लागला की मीच त्याच्या वाईटावर आहे. शर्यतीचा टायर थंड असताना निसरडा असतो. तो तापल्यावरच जमिनीला धरतो, आणि त्याला तापवायला वेगही तसाच लागतो. हा गृहस्थ डिसेंबरातल्या एका सकाळी सोसायटीच्या गेटातून बाहेर पडला आणि पहिल्याच वळणावर पेव्हर ब्लॉकवर आडवा झाला. लागलं काही नाही, फक्त समोरच्या इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आठवड्याभरात जुने टायर परत बसवून घेऊन गेला.

आता हेमंतचं सांगतो.

हेमंत भुईगावचा, वाडीवाल्या घरातला. घरचा सोनचाफा आणि मोगरा, वडील अजून रोज पहाटे फुलं काढतात. तो स्वतः वालीवला एका कारखान्यात क्वालिटी खात्यात. कारखान्यातली सगळी मोजमापाची साधनं तपासायची, बरोबर असलेल्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवायची, चुकीचं दाखवणारं बाजूला काढायचं, हे त्याचं काम. बत्तीस वर्षांचा, बोलायला गोड, मोटरसायकल नीट चालवणारा. माझ्याकडे येणाऱ्या पोरांत तो एकटा असा, जो मी काय करतो ते उभं राहून बघायचा आणि का करतो ते विचारायचा. माझ्या गेजवरून त्याची थट्टा चालायची. काका, द्या एक दिवस, कारखान्यात तपासून चिठ्ठी लावून आणतो, असं म्हणायचा. मी म्हणायचो, तू शाळेत नव्हतास तेव्हापासून हे गेज चालतंय, त्याला तुझं सर्टिफिकेट नको. त्या वेळी एक दिवस दिलं असतं तर हा लेख मला लिहावा लागला नसता.

पावसाळा सरल्यावर एक दिवस तो आला आणि म्हणाला की त्याने घाटापलीकडच्या एका ट्रॅकवर नाव नोंदवलंय. शर्यत नाही. नवशिक्यांसाठी एक दिवस असतो. आपलीच गाडी न्यायची, आरसे काढायचे, दिव्यांवर टेप लावायची आणि शिकवणाऱ्याच्या मागे मोकळ्या ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या. समोरून कुणी येत नाही, खड्डा नाही, म्हैस नाही. वळण कसं घ्यायचं, ब्रेक कुठे धरायचा, हे तिथे नीट शिकायला मिळतं. तो आणि त्याचा एक मित्र दोघं गाड्या चालवत जाणार, मुक्काम करणार, दुसऱ्या दिवशी ट्रॅक आणि मग परत. त्याला एकच विचारायचं होतं, या एका दिवसासाठी शर्यतीचे टायर घ्यावेत का.

मी त्याला खाली बसवलं आणि सगळं समजावलं. या बाबतीत मी आजही जे म्हणालो त्यावर ठाम आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठीही लिहितो. नवशिक्याला ट्रॅकवर रस्त्याचाच टायर चांगला. त्याच्या वेगात शर्यतीचा टायर तापणारच नाही. रस्त्याचा टायर दोन फेऱ्यांत तयार होतो, आणि सुटायला लागला तर आधी थोडं हलून सांगतो. फक्त तो जुना नसावा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, ते बघावेत. हायवेवर पळून मधून सपाट झालेला नसावा. अगदी कोरा असेल तर आधी शे-दीडशे किलोमीटर चालवून वरची चकाकी घालवावी. आणि राहिली हवा. हेमंतच्या गाडीला रस्त्यावर पुढे तेहेतीस, मागे छत्तीस. ट्रॅकवर टायर जास्त तापतो, म्हणून सकाळी थंड असतानाच दोन्ही तीसवर आणायचे. त्याच्या फार खाली जायचं नाही. पुढचा टायर नरम पडला तर ब्रेक धरून वळताना तो अंगाखाली दुमडतो आणि हँडल हातातून जातं. आणि घरी निघताना आठवणीने हवा परत भरायची.

हेमंतने मोबाइलमध्ये सगळं लिहून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी गाडी माझ्याकडे आणली. टायर आठ महिन्यांचे होते, मीच बसवलेले. मी दोन्हींवर तळहात फिरवला, पूर्ण गोल, दोनदा. पुढे तेहेतीस, मागे छत्तीस हवा भरली. मला फार बरं वाटत होतं. आपल्या दुकानातले टायर, आपला सल्ला, आणि आपल्यातला पोरगा ट्रॅकवर चाललाय. त्याच आनंदात मी खिशातून ते पितळी गेज काढलं, फडक्याने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. हे घेऊन जा, तिथे कुणाच्या प्लास्टिकच्या डबड्यावर विसंबू नकोस, तीस म्हणजे तीस कर, असं म्हणालो. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

आठ पाउंडांचं सांगायचं राहिलं. मी लपवलं नाही, हे देवाला साक्षी ठेवून सांगतो. मला ते आठवलंच नाही. वीस वर्षं मी ती वजाबाकी इतक्या वेळा केली होती की ते गेज चुकीचं आहे असं मला वाटायचंच बंद झालं होतं. चूक माझ्या डोक्यात दुरुस्त होत होती, आणि डोकं काही मी त्याच्याबरोबर पाठवलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्याच्या मित्राचा फोन आला. दुपारच्या फेऱ्यांत, एका उजव्या वळणावर, ब्रेक धरून गाडी आत टाकताना हेमंतचं पुढचं चाक गेलं. तो घसरत जाऊन कडेच्या टायरांच्या भिंतीवर आपटला. उजव्या कोपराचा चुरा, गळ्याखालचं हाड मोडलेलं. शिकवणाऱ्याने गाडी बघितली, कुठे तुटलेलं काही दिसलं नाही. पुढचा टायर रिमवरून निघालेला, हवा गेलेली, त्यामुळे आत किती होती हे कळायची सोय नव्हती. नवशिके घाबरून ब्रेक आवळतात, असं होतं, असं म्हणून त्याने कागदावर तसं लिहिलं.

वसईच्या हॉस्पिटलात आणल्यावर मी भेटायला गेलो. कोपरात पट्टी आणि स्क्रू बसवले होते. मी उशाशी बसून मोसंबं सोलत होतो. त्याची आई पलीकडे जपमाळ ओढत होती. तो औषधाच्या गुंगीत होता, पण बोलत होता. टायर चांगलेच होते काका, तुमचं सगळं बरोबर होतं, असं दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "हवा मात्र तुम्ही जास्तच भरली होती. सकाळी बघितली तर पुढे एक्केचाळीस. लांबचा प्रवास म्हणून भरली असेल, म्हटलं. मग सोडून सोडून तीसवर आणली."

माझ्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं. मी तेहेतीस भरली होती. त्याला एक्केचाळीस दिसली. त्याने तीस केली, म्हणजे बावीस केली. इतक्या नरम पुढच्या टायरवर त्याने अर्धा दिवस फेऱ्या मारल्या, आणि तो पुढे सांगतच होता. शेजारच्या माणसाने त्याला डिजिटल गेज देऊ केलं होतं. याने ते घेतलं नाही. माझ्याकडे इनासकाकांचं आहे, असं त्याला सांगितलं.

शेवटी डोळे मिटून म्हणाला, "घाबरलो असणार. माझं मलाच कळलं नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याची आई समोर होती, तो जागा होता, आणि मला सगळं कळलेलं होतं. मी मोसंब्याची फोड त्याच्या तोंडात घातली आणि म्हणालो, "होतं असं."

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. गावात बातमी पसरली तशी माणसं दुकानात येऊन विचारायला लागली, टायर कसले होते. रस्त्याचे होते म्हटल्यावर कुणीतरी म्हणालं, मग काय होणार, ट्रॅकवर ट्रॅकचे टायर नकोत का. मला ते झोंबलं. माझा सल्ला बरोबर होता, आणि लोक त्यालाच नावं ठेवत होते. मी म्हणालो, टायरला काही झालेलं नाही, पोरगा घाबरला, ब्रेक आवळला. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळली. दुसऱ्यांदा नाही. मग मी ते त्याच्या मामांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर चार जणांत उभं राहून हातवारे करून सांगितलं. हिराबाय आल्या तर त्यांनाही सांगितलं. कुणीतरी त्याला ब्रेकवाला हेमंत म्हणायला लागलं. ते नाव मी पाडलं नाही, पण त्याचा मालमसाला माझ्याच दुकानातला होता.

गेज त्याच्या मित्राने आणून दिलं. मी ते त्याच संध्याकाळी मागच्या बावखलात फेकलं आणि बाजारातून नवं आणलं. नवं गेज तेहेतीसला तेहेतीस दाखवायचं आणि मी पंचवीस वाचायचो. महिनाभर मला प्रत्येक गाडी दोनदा तपासावी लागली.

हेमंतचा हात सरळ होत नाही. कोपर अर्ध्यावर थांबतो. कामावर ठेवलं त्याला, पण बारीक साधनं धरायचं काम गेलं, आता कागदपत्रं बघतो. गाडी त्याने विकली. नंतर कळलं की तो बायकोची स्कूटरही चालवत नाही. सकाळी ती त्याला वालीवच्या बससाठी नाक्यावर सोडते. पुढे ती, मागे तो, उजवा हात पोटाशी धरलेला. माझ्या दुकानावरूनच जायचे. तो डावा हात वर करून मला हाक द्यायचा. मी पान्याशी खेळल्यासारखं करून मान हलवायचो. अडीच वर्षं रोज सकाळी हे चालू होतं. दुसऱ्या गल्लीने जायला त्याला सुचलं असतं तर बरं झालं असतं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. माणूस किती खाली उतरतो, हे मला तेव्हा माझ्यावरूनच कळलं.

गेल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी फादरांपाशी पापनिवेदन केलं तेव्हा हे बोललो. त्यांनी एकच विचारलं, ज्याचा हात मोडला त्याला सांगितलंत का. मी नाही म्हटलं. मग मला तिथून उठवेना. एव्हाना गुडघ्यांनी माझी साथ सोडली होती, दुकान बंद करायचं ठरलं होतं. बंद केल्यावर तो रस्त्यात रोज दिसणार नाही आणि मग मी कधीच सांगणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्या रविवारी मिस्सा झाल्यावर तसाच भुईगावला गेलो.

तो वाडीत होता. सोनचाफ्याच्या रोपांना काठ्या बांधत होता, डाव्या हाताने आणि दातांनी. मला बघून उठला, विहिरीच्या कट्ट्यावर बसायला जागा केली, आईला चहाचं सांगायला निघाला. मी त्याला थांबवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गेज पडलं ते, स्प्रिंग नरमली ते, मी मनात वजा करायचो ते. हॉस्पिटलात मला कळलं तेही सांगितलं. ते वगळायचा मोह झाला होता.

मग त्याने त्याच्या कामातला प्रश्न विचारला.

"किती जास्त दाखवायचं?"

"आठ."

"म्हणजे बावीस," तो म्हणाला. "पुढे बावीस होती."

तो कट्ट्यावर बसला. उजवा कोपर डाव्या तळव्यात धरून बसायची त्याला आता सवय झाली आहे. मग हळूहळू बोलायला लागला. त्या वळणावर त्याने ब्रेक आधीच्या फेरीत धरला त्याच खुणेपाशी धरला होता, तेवढाच धरला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. पण सगळे म्हणाले घाबरला, आणि मीही तसंच म्हणालो म्हटल्यावर त्याने मान्य केलं. "रोज दुसऱ्यांची साधनं नाकारणारा मी, त्या एका दिवशी चिठ्ठी बघितली नाही, कारण ते गेज तुमचं होतं," असंही म्हणाला. मी त्याला म्हटलं, यातलं काही तुझ्याकडे घेऊ नकोस.

"अडीच वर्षं मी तो टर्न रोज डोक्यात चालवतोय, काका," तो म्हणाला. "कुठे घाबरलो ते शोधतोय. सापडतच नव्हतं."

मी खाली बघत होतो. मला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की आता तुला कळलंय, एखादी छोटी गाडी घे, मी स्वतः टायर बघतो, पहिल्यांदा मी मागे बसतो. तो हसला. हसण्यात राग नव्हता, म्हणून ते मला जास्त लागलं.

"तेव्हा नव्हतो घाबरलो," तो म्हणाला. "आता मात्र खरंच घाबरतो. स्टँड काढला की पाय कापतात."

त्याच्या आईने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. चहा दोघांनीही घेतला नाही. मी माफी मागितली. त्याने ती नाकारली नाही आणि घेतलीही नाही. थोड्या वेळाने म्हणाला, मला सांगितलंत, तुम्हाला हलकं वाटलं असेल. मी म्हटलं, नाही वाटलं. मग तो उठून परत रोपांपाशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून बोलला.

"मला नका सांगू. मी घाबरलो म्हणून ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा."

मी म्हणालो, "हेमंत, कुणाकुणाला सांगितलं ते मला आठवतही नाही."

"तेच ना," तो म्हणाला, आणि सुतळी दातात धरली.

म्हणून हा लेख. ज्यांना मी ते सांगितलं त्यांची यादी माझ्याकडे नाही, पण त्यातले बहुतेक जण हा अंक घेतात, निदान शेजाऱ्याकडचा वाचतात. दुकानात बाकावर बसून ऐकलेले, चर्चच्या पायऱ्यांवर ऐकलेले, आणि त्यांच्याकडून घराघरांत ऐकलेले, सगळ्यांना सांगतो. हेमंत घाबरला नव्हता. त्याने ब्रेक बरोबर जागी आणि बरोबर तेवढाच धरला होता. टायर चांगले होते, रस्त्याचे होते म्हणून काही बिघडलं नाही. पुढच्या चाकात बावीस पाउंड हवा होती. ती त्याने माझ्या सांगण्यावरून, माझ्या गेजने, तीस समजून ठेवली होती. गेज खोटं दाखवतं हे मला माहीत होतं. आणि अपघात कशाने झाला हे मला हॉस्पिटलातल्या त्या दिवसापासून माहीत होतं, तरी मी तुम्हाला दुसरंच सांगत राहिलो.

माझ्याविषयी तुम्हाला जे वाटायचं ते वाटू द्या, मी दुकान बंद करून घरी बसलो आहे, ऐकून घेईन. पण माझ्या दुकानापलीकडच्या नाक्यावर सकाळी तो बसची वाट बघत उभा असतो. त्याला जाऊन एवढंच सांगा, की इनासने लिहिलेलं आम्ही वाचलं.